डाव्या ओठानं पास केलेलं बोंडलं

२३ ऑगस्ट, शनिवार. सातारा, माझ्या धाकट्या भावाचं घर, दुपारचे साडेअकरा.

हजर: मी. भाऊ. भावजय. त्यांची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलेली, दुसऱ्या दिवशी सासरी निघायची. तिचं तीन महिन्यांचं बाळ, जागं. आणि फोनवर, स्पीकर चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येणाऱ्या, माझ्या नणंदबाई, कुपवाडहून.

हजेरी आधी लिहिली, कारण पुढं जे झालं ते नक्की कुणाकुणादेखत झालं, हे मला विसरायचं नाही.

बाळाबरोबर काय काय पाठवायचं याची यादी मी केली होती. पाळण्याची दोरी, सहा दुपटी, दोन झबली, टोपडं, तेलाची बाटली, बाळगुटीचा डबा, सहाण, बोंडलं आणि वाटी. शेवटच्या दोन वस्तू माझ्याकडून. दुसऱ्या कुणी बोंडलं दिलेलं मला चाललंही नसतं, कारण आमचा धंदाच तो आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, मी आणि नणंदबाई मिळून चालवतो. स्टीलची बोंडली, वाट्या, लहान मुलांचे चमचे. बोंडलं म्हणजे तळहाताएवढं भांडं, एका बाजूला निमुळती चोच. चोचीचं टोक बाळाच्या ओठात जातं. म्हणून त्या टोकाला पत्र्याची बारीकशी कुस राहिली, तरी भांडं फुकट.

कुस डोळ्यांना दिसत नाही. बोटाला लागते, पण आमच्या बोटांचा भरवसा नाही. बावीस वर्षं पत्रा, सोडा, गरम पाणी हाताळून बोटांची टोकं जाड झाली आहेत. अगदी सुरुवातीला एक भांडं परत आलं होतं, तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, बाळ काय बोटानं पितंय होय? ओठाला विचारा की." तेव्हापासून आमच्याकडं तपासणी ओठानं. भांडं उकळत्या पाण्यातून काढायचं, कोरडं करायचं, चोचीची कड खालच्या ओठावरून एकदा सावकाश फिरवायची. पास झालं की निळ्या क्रेटमध्ये, नाही तर परत बफिंगला, म्हणजे घासून गुळगुळीत करायला. मग निळ्या क्रेटमधली सगळी भांडी पुन्हा उकळून पॅकिंगला. हे काम पहिल्या दिवसापासून माझं. भांडं उजव्या हातात, कड डाव्या ओठावर, म्हणजे खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला, डोळे मिटलेले. बफिंगवाले काका जत भागातले, तोंडानं फटकळ. ते मला ओठाच्या ताई म्हणायचे. मला ते आवडायचं, हे इथं कबूल करते.

तर त्या शनिवारी मी दुपटी घडी घालत होते आणि फोन वाजला. हात अडकलेले म्हणून भाचीनं, म्हणजे भावाच्या मुलीनं, स्पीकर लावला.

"वहिनी, कुठं आहात?"

"साताऱ्यात. सांगून आले की, वन्सं."

"खालच्या निळ्या क्रेटमधलं एक बोंडलं कमी आहे. तुम्ही नेलंय का?"

"नेलंय. बाळाला. वहीत लिहिलंय, शेवटची ओळ बघा."

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. तो अचानक कमी झाला. दार लावून घेतलं असावं.

"ते वापरू नका बघा. ठेवून द्या तसंच. ते अजून बघितलेलं नाही."

"मी बघितलंय ना."

"तुम्ही बघितलंय, वहिनी," नणंदबाई म्हणाल्या. "मी नाही बघितलं."

मला आधी काही समजलंच नाही. तुम्ही कशाला बघायचं, असं मी विचारणार होते. तेवढ्यात भावजयीनं सहाणेशेजारचं बोंडलं उचललं. बाळाची गुटी त्यात ओतायचीच होती, वाटीत तयार होती. भावजय मूळची कोरेगावकडची, कुणाची भीड न ठेवणारी. तिनं ते पदरानं पुसलं आणि चोच स्वतःच्या ओठावर फिरवली.

"आक्का, आवं, हाय की हितं! जोंधळ्याच्या कुसावानी लागतंय. तुमाला न्हाई लागलं?"

"काही तरीच. दे इकडं."

मी घेतलं, डोळे मिटले, फिरवलं. कड लोण्यासारखी गेली. पुन्हा फिरवलं. लोणी.

"काही नाहीये," मी म्हणाले.

"आवं हाय म्हंते ना मी."

भाऊ हसला. "आक्काचा ओठ बोलून बोलून झिजला असंल."

कुणीच हसलं नाही. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी भांडं डाव्या हातात घेतलं आणि उजव्या ओठावरून फिरवलं. टच्. अगदी स्पष्ट. कोपऱ्यात, केसाएवढी, पण नक्की. पुन्हा डावीकडं नेलं, पुन्हा लोणी. एकच भांडं, एकच कुस, एकाच माणसाचा ओठ. मध्ये फार तर दोन बोटांचं अंतर.

बाळ गुटीसाठी रडायला लागलं. भावजयीनं ती साध्या चमच्यानं पाजली. मी बोंडलं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. फोन चालूच होता. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, घरी आलात की बोलू." मी फोन बंद केला.

आता डाव्या ओठाचं सांगते, कारण त्यात माझीही चूक आहे आणि ती लपवायची नाही. जानेवारीत मिरजेला जाऊन मी खालची डावी अक्कलदाढ काढून घेतली. दाढ आडवी होती, मुळं नसेला टेकलेली. डॉक्टरांनी आधी फोटो दाखवून सांगितलं होतं की खालचा ओठ आणि हनुवटी काही दिवस बधिर राहू शकते, क्वचित जास्त दिवसही. मी वाचून सही केली होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ओठ बधिर झाला. चहा पिताना कप कुठं संपतो आणि ओठ कुठं सुरू होतो, ते कळेना. तपासणीला माझ्या जागी नणंदबाई बसायला लागल्या. मग मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे, वेळ लागेल. महिनाभरात चहाचा चटका कळायला लागला. मी रोज आरशासमोर उभी राहून ओठाला बोट लावून बघायचे आणि मला लागायचं. एक दिवस वहीत लिहिलं, "ओठ: आला", पुढं बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या दिवसापासून टेबलावर बसले.

चूक इथं आहे. बोटानं ओठ तपासला, तेव्हा जे लागत होतं ते बोटाला लागत होतं. ओठ मला काहीच सांगत नव्हता. पण बोट माझं, ओठ माझा. कोण बोलतंय याचा हिशोब मी ठेवला नाही. बाकी सगळ्याचा ठेवते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला साताऱ्याहून येताना एसटीत, कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा समजली. बधिरपणा आणि गुळगुळीतपणा आतून एकसारखाच वाटतो. आम्ही कुस आहे का हे तपासत होतो. काही लागलं नाही म्हणजे पास. ज्या ओठाला काहीच लागत नाही, त्याच्यासमोर जगातलं प्रत्येक भांडं पास. फेब्रुवारीपासून मी बफिंगला परत पाठवलेली भांडी कमी झाली होती, हे मला वहीत दिसत होतं. मी त्याचं श्रेय काकांना दिलं होतं. त्यांना सगळ्यांसमोर म्हणालेही होते, "काका, हात सुधारला तुमचा." ते मान खाली घालून बफला पावडर लावत राहिले. फटकळ माणूस गप्प का बसला, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

त्याच स्टँडवर मला एप्रिलमधली दुपारही आठवली.

नणंदबाईंची मुलगी दातांची डॉक्टर आहे, मिरजेत पुढचं शिकते. एप्रिलमध्ये ती कारखान्यात आली आणि म्हणाली, "मामी, मला सरावाला कुणी तरी पाहिजे. दहा मिनिटं डोळे मिटून बसाल?" बसले. तिनं एक नायलॉनचा दोरा आणला होता, मिशीच्या केसासारखा, आणि कंपासपेटीतल्या डिव्हायडरसारखं बोथट टोकांचं काही तरी.

"लागलं की हो म्हणायचं. आणि एक टोक लागलं की दोन, ते सांगायचं."

मी सांगत गेले. दोन, दोन, एक, दोन. मग बराच वेळ शांतता.

"तू थांबलीस का गं?" मी विचारलं.

"नाही मामी, चालू आहे," ती म्हणाली. आणि मग घाईनं, "झालं, झालं. मस्त."

मी म्हणाले, किती मार्क पडले? ती म्हणाली, यात मार्क नसतात. मग मीच खोदून विचारलं की तू शिकतेस तरी काय नक्की, आणि तिनं पॅकिंगच्या खोक्याचा तुकडा घेऊन त्यावर चित्र काढलं. ते मला इतकं आवडलं की मी ते सगळं लिहून घेतलं. माकडाच्या मेंदूत स्पर्शाची एक पट्टी असते, डोक्याच्या मध्यापासून कानाच्या दिशेनं खाली उतरणारी. वर पाय, मग धड, मग हात, हाताच्या शेजारी चेहरा, त्याच्या खाली ओठ, दात, जीभ. माणसाचंही साधारण तसंच.

"पाठ एवढी मोठी. तिला किती जागा?" मी विचारलं.

"चिमूटभर. आणि तोंडाला बघा, केवढी! ओठानं, जिभेनं जेवढं बारीक कळतं ना मामी, तेवढं पाठीला कळत नाही."

"म्हणजे जागा आकारावर नाही, कामावर."

"अगदी बरोबर. आणि गंमत म्हणजे उजव्या हाताची खबर डाव्या मेंदूत जाते, डाव्या हाताची उजव्या. पण दात आणि जीभ यांचं तसं नाही. माकडांमध्ये दिसलंय की मेंदूच्या एकाच बाजूला दोन्हीकडच्या दातांची, जिभेची खबर येते. घास तोंडात दोन्हीकडं फिरतो ना."

मला हे फार व्यवस्थित वाटलं. कुणीतरी विचार करून टेबलं लावल्यासारखं. म्हणून सहज विचारलं, "आणि एखाद्या भागाची खबर यायचीच बंद झाली तर? त्याची जागा रिकामी राहते?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "नाही राहत, मामी. शेजारचे भाग हळूहळू ती जागा वापरायला लागतात. माकडाच्या हाताची खबर खूप दिवस बंद पडली, तर हनुवटीला हात लावल्यावर हाताच्या जागेत हालचाल दिसते."

"आणि हे त्या माकडाला कळतं?"

"ते कसं सांगणार," ती म्हणाली आणि आईकडं बघितलं. नणंदबाई पॅकिंगच्या बाईला म्हणाल्या, "चहा टाक गं, भरपूर टाक."

मी तो खोक्याचा तुकडा माझ्या टेबलाच्या वरच्या भिंतीला चिकटवला. कुणी आलं की दाखवायचे, हा बघा, मेंदूतला आपला विभाग, सगळ्यात मोठा. चार महिने दाखवत होते.

सोमवारी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी कारखान्यात पोचले. नणंदबाई आधीच आल्या होत्या. काका होते, पॅकिंगची बाई होती. मी पर्समधून रुमाल काढून टेबलावर सोडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

नणंदबाईंनी पदर खोचला. "बसा तर आधी."

"उभीच बरी आहे. कधीपासून?"

"फेब्रुवारी. तुम्ही बसायला लागलात त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. तुमच्या पास क्रेटमधलं एक भांडं मी असंच उचललं, आणि लागलं. मग दुसरं बघितलं. आधीच्या दोन दिवसांचा पॅक केलेला मालही उघडून बघितला."

"आणि रोज?"

"रोज."

"कधी बघायचात? मी तर इथंच असायचे."

पॅकिंगची बाई बोलली. "ताई, तुमी गेल्यावर. आमी दोगी मिळून. लवकर व्हतंय."

मी गेल्यावर. रोज संध्याकाळी सहाला नणंदबाई म्हणायच्या, "वहिनी, तुम्ही व्हा पुढं, मी कुलूप लावते." मला वाटायचं, माझी दाढ, माझं दुखणं, म्हणून काळजी घेतात. मी घरी त्यांचं कौतुक केलं होतं. मी त्यांची थट्टाही केली होती की तुम्हाला एक कुलूप लावायला तास लागतो, चावी शोधता की काय. तेव्हा त्या हसल्या होत्या. सगळेच हसले होते. आता त्या हसण्यातला प्रत्येक आवाज मला वेगवेगळा ऐकू येत होता.

"आणि पोरीचा सराव?"

"तो मीच करायला लावला," नणंदबाई म्हणाल्या. "ती नको म्हणत होती. मी म्हटलं, नक्की कळू दे. कदाचित माझाच ओठ जास्त हळवा असेल."

"काय आलं?"

"डावीकडं दोऱ्याचं काहीच कळत नाही तुम्हाला. दाबलं तर कळतं, गरम कळतं. बारीक नाही."

म्हणजे ती शांतता. मी डोळे मिटून बसले होते आणि ती पोर माझ्या ओठावर दोरा टेकवत होती, पुन्हा पुन्हा, आणि मी विचारत होते, थांबलीस का गं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून आला नसता."

"आले असते."

"नसता आलात, वहिनी. बावीस वर्षं ओळखते तुम्हाला. वहीत रेघ मारली असती आणि घरी बसला असता."

"आणि न सांगता मी सहा महिने आले, त्याचं काय? रोज पाच-सहा तास डोळे मिटून बसले. काय करत होते मी? सांगा ना. काय काम चाललं होतं माझं?"

काकांनी तोंड उघडलं. "ताई, मशीन बिगाडलं तर आपण पाटी लावतो. मी म्हनलं हुतं, तायास्नी सांगा म्हनून. पर मानसाला पाटी कशी लावायची, सांगा." मग स्वतःलाच पटलं नाही म्हणून पुढं म्हणाले, "तुमी माझा हात सुदारला म्हनला, तवा लय वंगाळ वाटलं बगा."

"आमाला वाटलं, तुमाला म्हाईत हाय," पॅकिंगची बाई म्हणाली. "वाटलं, म्हाईत असून बसत्यात."

सगळ्यात जास्त ते लागलं. म्हणजे यांच्या नजरेत मी आंधळी तरी होते, नाही तर नाटकी.

नणंदबाईंचे डोळे भरले होते. मला त्यांची दया यायला हवी होती. बाहेर गेलेलं एकही भांडं खराब नव्हतं, ते त्यांच्यामुळं. रोजचा एक तास त्यांनी दिला, तोही बोलून न दाखवता. हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मला एवढंच म्हणावंसं वाटत होतं की माझी खुर्ची तुम्ही घेतलीत आणि मला तिच्यावर बसूही दिलंत. मी भिंतीवरचा खोक्याचा तुकडा काढला. त्याच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंग निघून आला.

"ते राहू दे की," नणंदबाई म्हणाल्या.

"पोरीला परत द्या. तिच्या सरावाचं आहे."

हे मी टोमणा म्हणूनच बोलले. त्यांना लागावं म्हणून. लागलं.

त्यानंतरचं काम मी माझ्या पद्धतीनं केलं, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. तपासणीच्या वहीत एका रकान्याचे दोन केले: पहिली तपासणी, दुसरी तपासणी, प्रत्येकापुढं सही. दोन्ही दिवसाउजेडी, एकाच टेबलावर. नणंदबाई डाव्या बाजूला, मी उजव्या. मी आता भांडं डाव्या हातात धरते आणि उजव्या ओठावर घेते. अजून दहातली तीन भांडी आपोआप उजव्या हातात येतात आणि डावीकडं जातात. मग थांबून हात बदलावा लागतो. नणंदबाई ते बघतात आणि काही म्हणत नाहीत. पूर्वी गप्प राहायच्या ते वेगळं होतं, आता गप्प राहतात ते वेगळं आहे. पण मला दोन्हीतला फरक अजून नीट कळत नाही. संध्याकाळी सहाला कुलूप आम्ही दोघी मिळून लावतो. "तुम्ही व्हा पुढं" असं त्यांनी पुन्हा म्हटलेलं नाही.

नणंदबाईंच्या मुलीचा फोन आला होता. मामी, रागावलात? मी म्हटलं, नाही. मामी, पुन्हा एकदा तपासू या का, नस अजून सुधारू शकते. मी म्हटलं, कळवते. यावेळी डोळे उघडे ठेवून बसेन, असं म्हणणार होते, पण नाही म्हटलं.

त्या सोमवारी केलेली यादी माझ्यासमोर आहे. वहीचे रकाने, झाले. भांडं ओठाच्या कुठल्या बाजूला जातंय ते बघायला एक जादा आरसा टेबलावर, आला. डॉक्टरांना दाखवणं, झालं, पुन्हा तीन महिन्यांनी बोलावलंय. साताऱ्याला फोन करून भावजयीला धन्यवाद देणं, झालं. ती म्हणाली, "आक्का, त्यात काय, लेकराचं तोंड हाय, बघायचंच."

पाचवी ओळ: साताऱ्याचं बोंडलं.

काकांनी त्याची कुस त्याच दिवशी काढली. उकळून झालं. नणंदबाईंनी तपासून दुसऱ्या रकान्यात सही केली आहे. पहिला रकाना रिकामा आहे. ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडावर उभं आहे, चोच माझ्या बाजूला. भाची सासरी पोचून तीन आठवडे झाले, बाळ अजून चमच्यानं पितंय. रोज बाकीची भांडी संपली की मी ते डाव्या हातात घेते आणि परत ठेवते. उजव्या ओठावरून एकदा फिरवायचं, सही करायची, पुन्हा उकळून खोक्यात घालून पाठवायचं. ते राहिलंय.